दोर, धोंडा आणि भाषणाचा वाटा

साकोली,
रविवार

आदरणीय भय्याजींना धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे हिरालालचा, सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या गुडघ्यांचं काय चाललं आहे ते कळवावं. वहिनींची साखर आटोक्यात आली असेल. आली नसेल तर त्याला संत्रा बर्फी जबाबदार आहे आणि ती घरात कोण आणतं हे मी इथे लिहीत नाही. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला तुम्ही मला 'हिरालाल, मुद्द्यावर ये' असं म्हणता, आणि माझा मुद्दा आजवर कधी तिसऱ्या वाक्यात आलेला नाही. पत्राला मध्येच अडवता येत नाही. फार तर बाजूला ठेवता येतं. पण तुम्ही रेल्वेत आयुष्य काढलेलं आहे, सुटलेली गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत न्यायची तुम्हाला सवय आहे, या भरवशावर लिहायला बसलो आहे.

माझी 'दोर' ही कादंबरी तुम्हाला आठवत असेल. (तिची एक प्रत मी सही करून तुम्हाला दिली होती. गेल्या भेटीत ती तुमच्या बैठकीच्या खिडकीत, झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली पाहिली. पुस्तकाचा समाजाला उपयोग झाला पाहिजे, या मताचा मी आहेच.) ती न वाचताच खिडकीत गेली असावी असं धरून सार सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सात तलावांचं एक राज्य आहे. सगळ्यात वरच्या तलावाच्या तुडुमावर, म्हणजे पाणी खाली सोडायच्या तोंडावर, एक प्रचंड धोंडा बसलेला आहे आणि खालचे सहाही तलाव कोरडे पडले आहेत. (पाण्यावर कुणीतरी बसून आहे, ही कल्पना सुचायला मला फार दूर जावं लागलं नाही.) त्या राज्यात जादू आहे आणि ती अशी आहे. धोंड्याला बांधलेला दोर जो कोणी धरेल, त्याच्या अंगात धोंड्याचं थोडं वजन येतं आणि तेवढा धोंडा हलका होतो. एकट्यानेच धरला तर तो माणूस कमरेपर्यंत जमिनीत जातो. शंभर जणांनी धरला तर सगळे घोट्यापर्यंत चिखलात जातात, आणि धोंडा वाळलेल्या भोपळ्यासारखा पाण्यावर तरंगतो. वजन सगळ्यांना सारखं येतं, राजा असो की गुराखी. आणि एकाने दोर सोडला की त्याचं वजन उरलेल्यांवर पडतं. बस, एवढीच जादू. मंत्र नाही, अंगठी नाही, कुळ नाही, नक्षत्र नाही.

ज्या माणसाने गावोगाव फिरून पाण्याने दिवे पेटवणाऱ्या आणि नारळातून केस काढणाऱ्या बुवांचं बिंग फोडलं, त्याने जादूची कादंबरी कशासाठी लिहावी, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतं. माझं उत्तर बदललेलं नाही. बुवा म्हणतो, जादू माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. माझी कादंबरी म्हणते, जादू दोरात आहे आणि दोर सगळ्यांसाठी पडलेला आहे. हा फरक ज्याला कळला त्याला जगातली पुष्कळशी राजकीय तत्त्वज्ञानं वाचायची गरज राहत नाही. (मी वाचली. निष्कर्ष हाच निघाला.)

तर मोबाईलवर बघतात तसल्या मालिका करणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला ही कादंबरी आवडली. करार झाला. त्यात एक कलम होतं, की पडद्यावर जादू कशी दिसेल याचा निर्णय कंपनीचा राहील. हे कलम मी नीट वाचलं होतं, पण इतक्या सोप्या जादूबद्दल दोन मतं असू शकतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. धान चुरून, म्हणजे मळून झालं आणि गावातली माणसं मोकळी झाली, तसा त्यांचा दिग्दर्शक साकोलीला येऊन हायवेवरच्या एका लॉजवर उतरला. त्याचं नाव ईशान. पोरगा वाईट नाही. पांढरेशुभ्र बूट घालून आला होता, यावरून त्याने कादंबरी वाचली असली तरी तलावाचा काठ पाहिला नव्हता हे मी ओळखलं.

तो म्हणाला, "सर, कादंबरी ग्रेट आहे. फक्त एकच प्रॉब्लेम आहे. दिसत काही नाही."

मी म्हटलं, "एवढा धोंडा वर येतो, तो दिसत नाही?"

"धोंडा क्रेनने पण वर येतो सर. जादू कुठे दिसते?"

प्रश्न योग्य होता. योग्य प्रश्नाचा मला राग येतो, कारण त्यावर लगेच भाषण सुरू करता येत नाही. मी चहा मागवला. तेवढ्यात त्याने स्वतःचं उत्तर मांडलं. ते असं, की नायकाच्या कपाळावर जन्मापासून एक खूण आहे. दोर तो एकटाच धरतो. खूण पेटते, निळा उजेड त्याच्या शिरांमधून हातात, हातातून दोरात, दोरातून धोंड्यात जातो आणि धोंडा वर येतो. मी विचारलं, बाकीची माणसं तेव्हा काय करतात? तो म्हणाला, "रिअॅक्शन देतात सर. आश्चर्याने बघतात."

भय्याजी, यानंतर मी उभा राहिलो. मी उभा राहिलो म्हणजे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याला सांगितलं की बाबा रे, माणूस कपाळावर जन्माचा शिक्का घेऊन येतो हा प्रयोग या देशात काही हजार वर्षं करून झालेला आहे, त्याचा निकाल सर्वांना माहीत आहे, आणि तो आता निळ्या उजेडात पुन्हा करून दाखवायचं कारण नाही. बाकीच्यांनी आश्चर्याने बघत राहायचं, हे तर त्या प्रयोगाचं सगळ्यात जुनं कलम. तिथून मी ग्रीकांकडे गेलो, तिथून राजांच्या दैवी हक्काकडे, आणि परत येईपर्यंत चहा आणणारा पोऱ्या ट्रे घेऊन तसाच उभा होता. शेजारच्या टेबलावरच्या एका ट्रक ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. (तो पंजाबचा होता. त्याला मराठी येत नव्हतं. पण सूर पटला, असं त्याने मला हिंदीत सांगितलं. माझ्या पुष्कळ श्रोत्यांचं बहुधा असंच असावं.) ईशान सगळं मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "खूप पॉवरफुल आहे सर. पण मग निवडलेला कोण?"

मी म्हटलं, "कोणीच नाही. म्हणून तर गोष्ट आहे."

शेवटी असं ठरलं की दोन्ही प्रकारांनी थोडं थोडं चित्रण करून मुंबईला पाठवायचं. ज्यात जादू दिसेल ते ठेवायचं. त्याच्या दृष्टीने हा खेळ होता. माझ्या दृष्टीने काय पणाला लागलं होतं ते सांगतो. दरवर्षी १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, आपल्या गावच्या मंचावरून मी 'जन्माने कोणी मोठा नाही' असं म्हणतो. आता समोर बसलेल्या पोरांच्या खिशातल्या मोबाईलवर जर जन्मजात कपाळाची मालिका चालू असेल, आणि तिच्याखाली 'मूळ कथा: हिरालाल टेंभुर्णे' असं येत असेल, तर त्या मंचावर मी कोणत्या तोंडाने चढायचं? निळं कपाळ जिंकलं तर कादंबरीवरून नाव काढून घ्यायचं, एवढं मी ठरवून टाकलं. घरी पार्वताबाईला सांगितलं. ती म्हणाली, "नाव काढा, पण त्याचं भाषण करू नका." (माझं घरातलं वजन तुम्ही जाणता.)

चित्रणासाठी आपल्या गावचाच मोठा तलाव निवडला, पाळीवर, म्हणजे बांधावर, जिथे तुम्ही नवी सायकल घेऊन पाण्यात गेला होता तिथेच. मासेमारी संस्थेचा अध्यक्ष सध्या तुलाराम आहे, तुमच्या वर्गातल्या डोमाचा थोरला. माणूस कामाचा, पण कॅमेरा दिसल्याबरोबर त्याने काळा चष्मा घातला तो दिवसभर उतरवला नाही. सात तलावांच्या प्राचीन राज्यात काळा चष्मा नव्हता, हे त्याला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ऊन तं होतं ना?"

आधी निळं कपाळ. हिरो पुण्याहून आणला होता. (नाव लिहीत नाही, तुमच्या घरातल्या पोरींच्या ओळखीचं निघेल.) त्याच्या कपाळाला दिव्यांची एक पट्टी चिकटवली, गालांवर ठिपके लावले, मागे हिरवं कापड ताणलं, आणि पाण्याच्या कडेला थर्माकोलचा रंगवलेला धोंडा ठेवला. गावातली बायामाणसं पाळीवर बसून बघत होती. तुलारामची बायको सखाबाई मला म्हणाली, "काहून गुरुजी, पोराच्या कपाराले बत्ती कायले लावली? डोऱ्याचं आपरेशन होय का?"

मी तिला म्हटलं, ती जादू आहे. हिरोने दोर धरल्यासारखा एक हात पुढे केला, दात आवळले, आणि तसाच उभा राहिला. सखाबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जादू तं काई दिसून नाई राहिली."

"ती नंतर मुंबईला टाकतात."

"मंग आपन इथं काय पाहून राहिलो?"

तेवढ्यात वारा सुटला. धोंडा उठला, दोन कोलांट्या खाऊन तलावात पडला, आणि कुणाच्याही कपाळाची मदत न घेता तरंगत तरंगत मध्यापर्यंत गेला. बदकं उडाली. ईशान ओरडायला लागला. तुलाराम डोंगा घेऊन गेला आणि धोंड्याला दोरीने बांधून मागे ओढत आला, एखादं वासरू आणावं तसा. उतरल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "मी शाटमंधी आलो का?" आला नव्हता. तो नाराज झाला आणि पुन्हा जाऊन आणायला तयार होता.

दुपारी आमची पाळी आली. संस्थेचे तीसेक लोक, बाया आणि माणसं, ईशानने काठावर ओळीने उभे केले आणि त्यांच्या हातात जाड दोर दिला. दोराचं दुसरं टोक त्याच थर्माकोलला. ईशान म्हणाला, "खूप जड आहे असं दाखवा. अॅक्शन!" आणि सगळी ओळ हसायला लागली. पुन्हा केलं, पुन्हा हसू. एकाने जड दाखवायच्या नादात इतके डोळे वटारले की शेजारची बाई खाली बसली. तुलाराम चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "साहेब, जड असन तं आपोआप दिसते. जड नसन तं काय दाखवू?"

मी ईशानला म्हटलं, कलेवरचे जाड जाड ग्रंथ मी वाचले आहेत, ते याच्या पुढे गेलेले नाहीत. ईशान म्हणाला, "पण मग करायचं काय?" तुलाराम म्हणाला, करायचं काय त्यात, बाजारासाठी आज महाजाल ओढायचंच आहे, सकाळपासून पाण्यात पसरून ठेवलं आहे, त्याचाच दोर ओढतो, तुम्ही तुमचा फोटो काढा. (तो चित्रपटालाही फोटोच म्हणतो.)

आणि मग भय्याजी, महाजाल ओढायला सुरुवात झाली. कसं असतं ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. पहिल्यांदा दोर नुसता येतो, मग थबकतो, मग पलीकडून कुणीतरी विचार करत असल्यासारखा जड होत जातो. हसणं बंद झालं. माना खाली गेल्या. पाय चिखलात जायला लागले, घोटा, मग घोट्याच्या वर. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली नेला आणि नुसते पायच घ्यायला लागला, काळे, भेगाळलेले, जोडव्यांचे, एक पाय पोलिओचा. ईशानला राहवलं नाही. त्याने पळत येऊन दोर धरला. त्याचा एक पांढरा बूट चिखलात राहिला तो राहिलाच. मेकअप करणारी मुलगी आली, दिवेवाले आले. पार्वताबाई माझा डबा आणि बीपीची गोळी घेऊन पाळीवर आली होती, तिला सखाबाईने हाक मारली, "ये वो पार्वता, पाहून काय राहिली, धर!" तिने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. (हो, मीही धरला होता. मधोमध.)

आता माझी परिस्थिती लक्षात घ्या. समोर कॅमेरा, हातात दोर, डावीउजवीकडे सगळ्या जातींचे पाय एकाच चिखलात. माझ्या कादंबरीचं पानन् पान माझ्यासमोर उभं होतं. अशा वेळी जो बोलत नाही, त्याने आयुष्यात वक्ता म्हणून मिरवू नये. मी सुरुवात केली. पहिलं वाक्य चांगलं गेलं. दुसऱ्या वाक्यात 'हे हात!' असे शब्द होते, आणि 'हे हात' म्हटलं की माझे दोन्ही हात वर जातात. मंचावर आजवर त्याने कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

हात वर गेले. दोर एक हिसका देऊन मागे सरकला. सगळी ओळ एकदम बोटभर खाली गेली आणि सखाबाई ओरडली, "कोनं सोडलं रे? जड झालं ना!"

मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाला बोलते आहे. मी वाक्य पुरं केलं. (त्यानंतरची दोनही केली.) ईशान दोराला लोंबकळत ओरडत होता, "बंद करू नका, कॅमेरा बंद करू नका!" तो माझ्या भाषणावर खूष झाला आहे असा माझा समज झाला.

जाळं काठाला लागलं. रोहू, कतला, दोनचार चांगल्या मरळी. मग वाटणी. संस्थेची रीत तुम्हाला माहीत आहे, पण ईशानला सांगावी लागली. ज्याचा हात शेवटपर्यंत दोराला त्याचा एक वाटा, मग तो कोणी असो. सारखे ढीग लावायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर काडी ठेवून 'हा कोनाचा?' असं विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. मोठी मरळ कुणाकडे जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. तुलाराम काडी ठेवत गेला आणि सखाबाई तलावाकडे पाठ करून नावं घेत गेली. "मेकपवाल्या पोरीचा." "पार्वताचा." "एक बूटवाल्या साहेबाचा." ईशानच्या वाट्याला सगळ्यात मोठी मरळ आली. तो शाकाहारी आहे. ती जिवंत मरळ दोन हातांत धरून तो ज्या चेहऱ्याने उभा राहिला त्याला तो स्वतः रिअॅक्शन म्हणाला असता.

खुर्चीवर कपाळ सांभाळत बसलेला हिरो उठून आला आणि म्हणाला, "माझा कुठला?"

सखाबाई वळली. "हिरो असशीन बापा. दोराले हात लावला का तुनं?"

ईशान मध्ये पडला, एक ढीग द्या म्हणाला, तो माझा घ्या म्हणाला. तुलाराम म्हणाला, तुमचा तुम्ही कोणालाही द्या, पण वाटा म्हणून मिळणार नाही. हिरोचा चेहरा उतरला. दुसऱ्यांदा जाळं ओढायला सगळे उठले तेव्हा त्याने कपाळाची पट्टी ओढून काढली, गालाचे ठिपके पुसले, आणि पँट वर करून सखाबाईच्या शेजारी चिखलात उतरला. ईशान मला नंतर म्हणाला की त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा अभिनय केला नाही.

इथे तुमच्या लक्षात आलं असेल की ढीग संपले आणि माझं नाव आलं नाही. मी काही मासळीसाठी हपापलेलो नाही. पण तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून विचारलं.

तुलाराम म्हणाला, "गुरुजी, तुमी तं सोडला."

"अरे, मी लोकांना हुरूप देत होतो."

"हुरूप भेटला ना. पन भाषनाले वाटा नसते, गुरुजी."

पाळीवरची सगळी माणसं हसली. पार्वताबाई सगळ्यात शेवटी थांबली. मी तुलारामला बौद्धिक श्रमाचं मूल्य समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्याने काळा चष्मा घातला आणि जाळं झटकायला गेला. पार्वताबाईच्या वाट्याची मासळी घरी शिजली. मी जेवलो. ताटात वाढताना तिने पळी जरा वरच थांबवली.

गेल्या आठवड्यात ईशानचा फोन आला. मुंबईच्या लोकांनी दोन्ही पाहिलं आणि आपलं निवडलं. कपाळ बाद झालं. पण उजेड करणारी माणसं आधीच ठरवलेली आहेत, त्यांना काहीतरी काम द्यावं लागणार, त्यामुळे उजेड राहील. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, तळहातात. जो दोर धरेल त्याचा तळहात उजळेल, जो सोडेल त्याचा विझेल. वजन पायांवरून दिसेल. कुणी एक शब्द बोलायची गरज नाही. मी यावर आक्षेप शोधायला बसलो. संध्याकाळपर्यंत एकही सापडला नाही, आणि असं माझं यापूर्वी कधी झालेलं नाही. कपाळावर नाही तर हातात, जन्माने नाही तर धरण्याने. मी जे पानोपानी लिहिलं ते त्या पोरांनी एका दृश्यात ठेवलं.

मात्र एक अट होती. ईशान चाचरत बोलायला लागला. "सर, नियम दिसायला एक माणूस नियमाबाहेरचा लागतो." ते दृश्य त्याने जसंच्या तसं ठेवलं आहे. तीस माणसांचे हात उजळलेले, आणि मधोमध एक गृहस्थ दोन्ही हात वर करून, हात काळेठिक्कर, तोंड चालू. त्याने दोर सोडल्याबरोबर बाकीचे खाली जातात. "तुमचे विझलेले हात नसतील ना सर, तर लोकांना वाटेल हे सगळे जन्मापासूनच उजेडाचे आहेत. मग पुन्हा तेच झालं."

भय्याजी, मी आयुष्यभर युक्तिवाद केले, पण माझाच युक्तिवाद इतका सरळ माझ्या अंगावर कुणी आणला नव्हता. जन्माने कोणी उजेडाचा नसतो हे सगळ्या महाराष्ट्राला दाखवायचं, तर त्यासाठी हिरालाल टेंभुर्णेला अंधारात उभं राहावं लागणार. मी जेवण होईपर्यंत वेळ मागितला. मग हो म्हटलं. निदान भाषणाचे शब्द तरी ठेवा, अशी एक लहानशी विनंती केली. तो म्हणाला, तिथे संगीत आहे.

असो. वहिनींना जयभीम, लहानांना पाठीवर थाप. गुडघ्यांना जपा. आणि खिडकीत शक्यतो दुसरं काही लावा, आता ते पुस्तक विचारत लोक येतील.

तुमचा,
हिरालाल

ता. क. मालिका लागल्यावर नागपूरकडचे सगळे नातेवाईक तुम्हाला विचारतील. त्यांना सांगावं, की हिरालालने दोर मुद्दाम सोडला, जादूचा नियम स्पष्ट व्हावा म्हणून. तुमच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. माझ्याबरोबर राहणारी व्यक्ती याला दुजोरा द्यायला तयार नाही.

आणखी एक. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. पुढच्या भागात एक मुलगी आहे, जी गावोगाव बोलून लोकांना दोर धरायला बोलावते. त्यासाठी येत्या रविवारी साकोलीला निवड आहे. शेपन्नास पोरी येणार, रांग लागणार. आपल्या तृप्तीला जरूर पाठवावं. तुमची नात म्हणजे माझीही नातच. तिची परीक्षा घ्यायची गरज नाही असं मी ईशानला आधीच बोलून ठेवलं आहे, कारण वक्तृत्व आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे.

शेवटचं. पाकीट बंद करण्याआधी पार्वताबाईने पत्र वाचलं. वरच्या शेवटच्या वाक्याला ती इतकी हसली की घरी आलेली सखाबाई चहा सोडून बघायला आली, आणि तिला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. सखाबाई म्हणाली, "मंग पोरीच्या कपाराले बत्ती लावूनच पाठवा म्हना." खाडाखोड केलेलं पत्र वडीलधाऱ्यांना पाठवू नये, म्हणून वाक्य तसंच राहू दिलं आहे. तुम्ही ते वाचू नये. तृप्तीला पाठवा, रांगेत उभी राहील. बोलता येतं का ते विचारू नका. बोलायला लागल्यावर हातातलं सोडते का, तेवढं मात्र आधी घरी बघून घ्या.